किडा खातो ती भाजी

पुंडलिकभाऊंच्या भाजीत अळी निघाली की त्यांचा दिवस चांगला जातो. वांगं चिरताना आत वळवळ दिसली तर ते कुंपणापाशी येऊन मला हाक मारतात आणि पोराचा निकाल दाखवावा तसं ते अर्धं वांगं दाखवतात. अळी निघाली नाही तर वांगं कचऱ्यात जातं. "जे किडा खात नाई, ते मी काऊन खाऊ?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

चंद्रपुरात आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक बुटकं कुंपण आहे. वीज केंद्रातून निवृत्त झालेले भाऊ तिथे एकटेच राहतात. जन्मभर बॉयलरशेजारी उभा राहिलेला हा माणूस चकचकीत टोमॅटो पाहिला की मागे सरतो. त्यांना फवारणीची भीती वाटते. भाजी आधी मिठाच्या पाण्यात, मग चिंचेच्या, मग साध्या. एवढ्या आंघोळी आमच्या घरात सणासुदीलाही होत नाहीत. लग्नाला जाताना अहेराच्या पाकिटासोबत स्वतःचा डबा नेतात आणि भर पंगतीत उघडतात. वाढपी बिचारा वरणाची बादली घेऊन पुढे सरकतो. माझी बायको म्हणते, "यायच्यासंग जेवलं का आपलं ताट वैऱ्यानं वाढल्यावानी वाटते."

आम्ही हसायचो, पण ही भीती कुठून आली ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, पोटाचा कर्करोग झाला. रविवारच्या बाजारातून निवडून निवडून भाजी आणायचे ते भाऊच. डॉक्टरांनी भाजीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. वहिनी गेल्या आणि भाऊंनी आपलं आपणच निदान करून टाकलं.

त्यांचा विश्वास एकट्या पारबताबाईवर. मूल शहराच्या वाटेवरच्या, जंगलाला लागून असलेल्या गावातून ती दर मंगळवारी पहिल्या बसने भाजी विकायला यायची. टोपलीत कोवळा तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, बांबूचे कोंब आणि पावसाळ्यात सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या रानअळिंब्या. तिथेही भाऊंचा तपास होताच. बांधावरचा तरोटा त्यांना चालत नसे, कारण वाऱ्याबरोबर शेतातला फवारा त्यावर पडतो. "बाई, आतली आनत जा. जंगलातली," ते सांगायचे. ती मान डोलवायची आणि पुढच्या मंगळवारी आतली आणायची.

यंदा श्रावणात बातमी आली. त्याच भागात सात्या काढायला गेलेल्या एका बाईला वाघाने मारलं होतं. पेपरात नाव नव्हतं. अशी बातमी आमच्याकडे नवी नाही. चार जण हळहळतात आणि कामाला लागतात. पण मंगळवारी पहिली बस येऊन गेली, दुपारचीही येऊन गेली, पारबताबाई काही आली नाही. भाऊ रिकामी पिशवी धरून फाटकात उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला थट्टा सुचेना. मी स्कूटर काढली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबू असा दाटला होता की चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. समोरून गाडी नाही, माणूस नाही. काही सळसळलं की मी उगाच हॉर्न वाजवायचो. खरं सांगतो, मला वाघाची भीती वाटत होती. मागे बसलेल्या भाऊंना वेगळीच वाटत होती. "आतली आन म्हून मीच सांगतलं तिले," ते सारखे पुटपुटत होते.

गावात शिरलो तर एका घरासमोर माणसं खाली माना घालून बसलेली. भाऊ स्कूटरवरून उतरेनात. मी पुढे होऊन विचारलं. ते घर पारबताबाईच्या शेजारणीचं होतं; वाघाने मारलं होतं ते तिला. रानात दोघी सोबतच जायच्या. त्या दिवशीही सोबतच होत्या. पारबताबाई तिथेच बायकांमध्ये बसली होती. आम्हाला पाहून ती उठली आणि टोपली आणता आली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ लागली. पोट आहे तर जंगलात जावंच लागतं, पुढच्या मंगळवारी नक्की आतली आणते, असंही म्हणाली.

"आतली नोको, बाई," भाऊ म्हणाले. "मी आनलेल्या भाजीनं घरची गेली. आता तुमी नोका जाऊ."

"मंग खासान काय, भाऊ?"

"तुमच्या सांदवाडीत जे निंगन, ते."

सांदवाडी म्हणजे घरामागचा परस. तिथे दोडक्याचा एक वेल होता आणि कुंपणाला लागून दुसऱ्याचं धानाचं शेत. त्यावर नुकतीच फवारणी झालेली. तो उग्र वास माझ्याही नाकात गेला, मग भाऊंच्या गेला नसेल असं होणार नाही. त्यांनी एकदा शेताकडे पाहिलं आणि वाकून दोडके तोडायला लागले. पिशवी भरली. दर मंगळवारी हेच आणायचं, सगळं मीच घेतो, असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

संध्याकाळी मी कुंपणापाशी उभा होतो. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले होते, पुढ्यात भात आणि दोडक्याची भाजी. पहिला घास हातात धरून ते बराच वेळ तसेच बसले. मग त्यांनी डोळे मिटले आणि तो घास खाल्ला.