नानाचा डावा कोपरा

सोपाननाना माणसाचं तोंड नंतर बघतो, आधी घोटे बघतो. रस्त्यानं कुणी नवा माणूस आला की त्याची मान खाली जाते. लोकांना वाटतं म्हातारा लाजाळू आहे, नाहीतर काहीतरी पडलंय ते शोधतोय. तसं काही नाही. समोरच्याचा घोटा आपल्या पंजात मावेल का, आणि मावला तर सुटेल का, एवढंच त्याला बघायचं असतं.

त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, ती गोष्ट आमच्या भोसरीत अजून सांगतात. मुलगा कंपनीत सुपरवायझर, घरची शेती, सगळं पसंत. पोहे झाले, चहा झाला. नाना म्हणाला, "पावणं, जरा विजार वर घ्या." मुलाचा बाप हबकला. त्याला वाटलं, म्हातारा अंगावर कोड आहे का बघतोय. पोरानं बिचाऱ्यानं पँट वर केली. नानानं वाकून बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "घोटा भरलाय. गडी उभा ऱ्हाईल." लग्न झालं. जावई अजून सासुरवाडीला आला की दारातच मोजे वर ओढतो.

एका निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला आणि नानाच्या पाया पडायला वाकला. नानानं वाकून त्याच्याच घोट्याला हात घातला. कार्यकर्ते धावले. नाना म्हणाला, "बारीक हाय. ह्यो निसटणार." पुढं तो माणूस खरंच दुसऱ्या पक्षात गेला. तेव्हापासून आळीत नानाच्या शब्दाला वजन आलं.

ह्या वेडाचं कारण साधं आहे. तरुणपणी नाना गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा होता. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांना सांगतो. समोरचा गडी चढाई करत आत येतो, तेव्हा आपले गडी हातात हात घालून उभे असतात. त्या साखळीच्या टोकाला जो असतो तो कोपरा. चढाईवाला पाय टाकतो, आणि कोपऱ्यानं खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा. धरला तर बाकीचे येऊन पडतात. सुटला तर कोपरा बाद. टाळ्या मात्र सगळ्या चढाईवाल्याला. नानाचा हा जुना राग आहे. "नाचणारं दिसतंय, धरणारं दिसत न्हाई," असं तो दिवसातनं एकदा तरी म्हणतो.

आता माझं. मी गेनबा. चौथीपर्यंत शाळा, पुढं सगळा जन्म एमआयडीसीत भट्टीवर. गेल्या थंडीत माझी बायको शेवंता वारली. लोक म्हणतात देवाघरी गेली. मला तसं बोलता येत नाही. वारली. सकाळी डब्यातली साखर संपली म्हणून माझ्यावर ओरडली आणि संध्याकाळी नव्हती. मुलगी नाशिकला असते. ती म्हणाली चला, मी म्हणलं नको.

दिवस घालून झाल्यावर पाहुणे गेले, आणि नाना दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "मैदानावर चल." मी गेलो. मैदानाच्या कडेला सिमेंटचं बाकडं आहे, तिथं आम्ही रोज संध्याकाळी बसायला लागलो. पोरं सराव करायची, नाना बोलायचा, मी ऐकायचो. तो बोलायचा ते सगळं घोट्यांचं. शेवंताचं नाव त्यानं कधी काढलं नाही, आणि मलाही ते बरं वाटायचं. माझा दिवस त्या बाकड्यासाठी उजाडायचा.

मग तो कैलास आला.

आमच्या भागात संघांचे सामने भरतात. अलीकडं नवी पद्धत काढली आहे. बाहेरगावचे खेळाडू एका यादीत घालायचे, मंगल कार्यालयात सगळ्या संघांनी जमायचं, आणि आळीपाळीनं एकेकानं एकेक गडी उचलायचा. आमचा नंबर लवकर होता. सगळ्या गावाला एक चढाईवाला पाहिजे होता. केस रंगवलेला, मोबाईलवर त्याच्या उड्या सगळ्यांनी बघितलेल्या. आमचा कप्तान उठला आणि म्हणाला, "कैलास. डावा कोपरा." सगळं कार्यालय गप. मागून एकजण म्हणाला, "अरे कोण हाय ह्यो?" तेवढ्यात पुढच्या रांगेतून नाना उठला आणि त्यानं स्वतःच्या मांडीवर अशी थाप मारली की वाढपी बघायला आले.

कैलास परभणीकडचा. चाकणला एका गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात कंत्राटी कामाला होता. काळा, हाडकुळा, बोलायला कमी. नानानं त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा खाली बघितलंच नाही, डोळ्याला डोळा लावला. मी विचारलं, "घोटं न्हाई बघितलं?" तर म्हणाला, "त्याचं कशाला बघू? त्यानं दुसऱ्याचं बघायचं."

झालं. त्या दिवसापासून बाकड्यावर मी एकटा. नाना रेषेला जाऊन उभा राहायला लागला. "खाली बस, खाली बस, अजून खाली," असं ओरडत. कैलासच्या कंपनीची बस चौकात यायच्या आधी नाना तिथं हजर, हातात केळी. पोराला सर्दी झाली तर नानानं हळद-दूध थर्मासात भरून नेलं. माझ्या शेवंताच्या दहाव्यालासुद्धा हा माणूस रिकाम्या हातानं आला होता. ते माझ्या डोक्यात राहिलं.

पहिलाच सामना त्या केस रंगवलेल्या गड्याच्या संघाशी लागला. तो आला, उड्या मारल्या, लोकांकडं बघून हसला, आणि पाय टाकला. कैलास कधी खाली गेला ते कुणाला दिसलं नाही. नुसता धुरळा, आणि त्यात घोटा धरलेला एक काळा पंजा. तो गडी रेषेकडं असा सरपटत होता जसं बैलानं दावं ओढावं. पंचानं शिट्टी मारली. सगळं मैदान उठलं. नाना चुना मारलेली रेष ओलांडून आत गेला आणि कैलासच्या पंजाचा मुका घेतला. पंच म्हणाला, "आजोबा, बाहेर व्हा." नाना त्याला म्हणाला, "तुझं शिट्टीचं काम तू कर."

त्यानंतर गाव पालटलं. जो तो "आपला कैलास, आपला कैलास". नानाला ते सोसेना. "कार्यालयात ह्येंची तोंडं शिवल्याली व्हती," तो म्हणायचा. "आता समदी सोयरी झाली." कुणी कैलासच्या गळ्यात हात टाकला की नाना मधे घुसायचा. मला आतून हसू यायचं. म्हणलं, बघ आता, जळणं कसं असतं.

आमच्याकडं जुनी चाल आहे. बाहेरगावचा खेळाडू गावाकडून खेळतो तेव्हा त्याचं रात्रीचं जेवण गाव करतं. आज ह्या घरी, उद्या त्या घरी, अशी बारी लावतात. आमच्या आळीची बारी नाना लावायचा. मी वाट बघत होतो. वरची घरं झाली, खालची घरं झाली, माझ्या दारावरून पुढं गेली. मी नानाला गाठलं.

"माझी बारी कुठंय?"

"तुझ्याकडं बाई न्हाई, गेनबा."

"भाकरी मी करतो. भाजी करतो. रोज जिता हाय ते काय हवा खाऊन?"

"तू जिता हायस रे. त्याला खेळायचं हाय. तुझ्या भाकरीनं कोपऱ्याचं पोट बिघडलं तर गाव मला मारंल."

शेवंता असताना गावची कुठलीही बारी आमच्या घराला टाळून गेली नव्हती. ती बाजरीची भाकरी अशी करायची की पहिलवान तिसरी मागायचे. ती गेली आणि घरच बारीतून गेलं. हे मला लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते पुढचं. नाना दुसऱ्यांच्या बाऱ्यापण खायला लागला. "त्यांच्याकडं आज पावणं हायती." "त्यांचा गॅस संपलाय." काहीतरी काढायचा आणि कैलासला स्वतःकडं घेऊन जायचा. आळीतल्या बाया वैतागल्या. एकीनं भरलेली वांगी करून ठेवली आणि कैलास नानाकडं जेवून मोकळा.

नानाला काय कमी होतं? जमिनीवर कंपन्या आल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यानं बिल्डिंग उठवली. तीन मुलं तीन मजल्यांवर, तीन सुना, नातवंडं, लिफ्टसुद्धा. नानी जाऊन बरीच वर्षं झाली, पण घर भरलेलं. नाना खालच्या खोलीत असतो, वर चढायला गुडघा साथ देत नाही म्हणून. त्या बिल्डिंगीत लागलेले दिवे मला माझ्या ओट्यावरून दिसतात. एवढं असून ह्याला तो पोरगाही पाहिजे, आणि मला एक संध्याकाळ द्यायची नाही.

जेवणाच्या वेळेला कुणाच्या घरी जायचं नाही, ही शेवंताची शिस्त. त्या दिवशी मोडली. म्हणलं, कैलाससमोरच विचारतो.

गेलो. दार उघडं होतं. नाना खाली बसलेला, दोन पाट मांडलेले, दोन तांबे भरलेले. कैलास नव्हता.

"कोपरा कुठंय?" मी विचारलं.

"ओव्हरटाइम लागला. आत्ता फोन आला." नाना म्हणाला. "बस."

मी उभाच राहिलो. कसं सुरू करावं ते जुळवत होतो. तेवढ्यात समोर लिफ्ट घरघरली. नानानं धोतर नीट केलं आणि दाराकडं बघत बसला. लिफ्ट खाली आली, दार सरकलं. आत माणूस नव्हतं. स्टुलावर डबा होता.

नाना उठला, गुडघ्यावर हात ठेवून लिफ्टपर्यंत गेला, डबा काढून घेतला, आणि एक बटण दाबून लिफ्ट वर सोडली. सगळं सवयीनं.

"हे काय?" मी म्हणलं.

"जेवाण. ह्या महिन्यात धाकट्याकडं हाय. पुढल्या महिन्यात मधल्याकडं."

"आन लेकरं?"

"त्येंचं क्लास असत्यात. वरच्या वरच दमत्यात." तो डब्याची कडी काढत होता. "कोपरा आला की समदी येत्यात. धाकटी सोता भाकरी घिऊन उतरती, एकेक गरम. नातवंडं त्याच्या दंडाला लोंबकाळत्यात. थोरला शिफ्टवरनं येतो तो हितंच टेकतो, पकड कशी केली इचारतो. मधलीनं तर परवा पापड तळून आणलं. मला ठावं नव्हतं तिला पापड तळता येत्यात."

हे त्यानं रडगाणं म्हणून सांगितलं नाही. सामना सांगावा तसं सांगितलं.

डब्यात दोन भाकऱ्या होत्या, गार झालेल्या, आणि मेथीची भाजी. त्यानं एक भाकरी झाकणात माझ्याकडं सरकवली. मी दुसऱ्या पाटावर बसलो. दाराबाहेर लिफ्ट कुणासाठी तरी वर-खाली होत होती. आवाज आला की नानाचा घास थांबायचा.

मी भांडायला आलो होतो, ते मी विसरलो नव्हतो.

"नाना, मला बारी दे."

"तुला एकदा सांगितलं की. त्याच्या पोटाला..."

"त्याची न्हाई. तुझी."

नाना भाकरी मोडत होता ती मोडत राहिला. बारीक बारीक तुकडे झाले तरी मोडत राहिला.

"तुझी भाकरी जाड असती," तो म्हणाला.

"व्हय."

"मीठ घालतोस का इसरतोस?"

"कधी घालतो, कधी दोनदा घालतो."

तो पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवायला त्याला जरा वेळ लागला.

"मंगळवार धरू," तो म्हणाला. "वर सांगतो, त्या दिवशी डबा सोडू नका."

तेव्हापासून मंगळवारी नाना माझ्याकडं जेवतो. चुलीशेजारी बसतो आणि भाकरीला नावं ठेवतो, पण खातो. मात्र तोंडात कैलास. पहिला घास कैलास, दुसरा घास कैलास. त्यानं उजव्या बाजूचा कसा धरला, डाव्याला कसा गंडवला. त्या पोरानं माझ्या घरात अजून पाय ठेवला नाही, आणि नानाच्या बोलण्यात मात्र तोच पाटावर बसलेला असतो. मी अजून जळतो. ते काही गेलेलं नाही.

परवा मी सरळ म्हणलं, "नाना, माझ्या घरात जेवताना त्याचं नाव घेऊ नको."

"बरं," नाना म्हणाला, आणि गप झाला.

दोघं जेवत राहिलो. मी भाकरी वाढली, त्यानं हातानंच पुरे म्हणलं. निवणाऱ्या तव्याची चटचट ऐकू येत होती, नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता. शेवंता गेल्यापासून ह्या घरात जेवताना असंच ऐकू येतं. मी भाजी हलवली. पाणी प्यायलो. परत भाजी हलवली.

मग मीच म्हणलं, "बरं, त्या शेवटच्या चढाईला काय केलं त्यानं?"

नानानं घास ताटात ठेवला, पाट पुढं ओढला आणि सांगायला लागला.