एका माणसासाठी खोली

हेडक्लार्क कॉम्प्युटरवर वर्तमानपत्र वाचत होते, तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक जाहिरात टपकली. ‘एका व्यक्तीसाठी खोली. स्वतंत्र दार. शांत परिसर.’

हेडक्लार्क म्हणजे आता निवृत्त हेडक्लार्क. पण चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाची नोकरी सुटली, तरी सवय कुठली सुटायला! निवृत्तीनंतरच्या तीन महिन्यांत त्यांनी घरातल्या चपलांना क्रमांक दिले होते, धुवायच्या कपड्यांचं रजिस्टर उघडलं होतं आणि परवाच बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढून सगळे डबे विषयवार लावले होते. असा माणूस आलेला कागद नोंदीशिवाय सोडतो की काय! त्यांनी कोरी वही काढली, वर ‘आवक : जाहिराती’ असं लिहिलं, जाहिरातीवर क्लिक करून ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि दिनांक, वेळ, विषय टाकून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी चार जाहिराती आल्या. चारही उघडून, वाचून नोंदवल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. एकेरी पलंग. एका माणसापुरता कुकर. बॅगा, चाकांच्या आणि बिनचाकांच्या. आठवडाभरात वही निम्मी भरली आणि शनिवारी तर एका वकिलाचा हसरा फोटोच समोर आला. ‘विभक्त व्हायचंय? पहिला सल्ला मोफत.’

“जाहिराती दाखवणारं ॲडवेअर शिरलं असणार,” कामावर निघालेली मुलगी म्हणाली. “कुणाला तरी बोलवून साफ करून घ्या. आणि बाबा, माझी चप्पल कुठाय?”

“सात नंबर. खालचा कप्पा.”

दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आली. पाठीवर सॅक, तोंडात च्युइंगगम. तिनं अर्धा तास खटाखट बटणं दाबली.

“काका, ॲडवेअर वगैरे काही नाही. ट्रॅकिंग कुकीज आहेत. दोन हजार सहाशे!”

“त्या काय करतात?”

“आपण एखाद्या साईटवर गेलो की ती आपल्याकडे एक खूणचिठ्ठी ठेवून जाते. ह्या घरात काय बघतात, काय शोधतात, त्याची. मग तसल्याच जाहिराती हात धुऊन मागे लागतात.” ती हसली. “तुमच्याकडे कुणीतरी घर सोडायच्या तयारीत दिसतंय! टाकू का सगळ्या पुसून?”

“खबरदार! जुनं रेकॉर्ड असं नष्ट करता येत नाही. वरिष्ठांची मंजुरी लागते.”

“वरिष्ठ कोण?”

हेडक्लार्कांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. वरिष्ठ आत कणीक मळत होत्या.

“आधी मला पहिली नोंद दाखवा,” ते हळूच म्हणाले.

बाईनं कधी काय शोधलं त्याची यादी उघडली आणि खाली-खाली नेली. “ही बघा. मागच्या आठवड्यातला मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. कुणीतरी स्वतः टाईप करून शोधलंय. ‘एका माणसासाठी खोली, शांत जागा.’”

मंगळवारी चार वाजता मुलगी कामावर होती. हेडक्लार्क स्वयंपाकघरात डबे लावत होते. आणि बायको... बायको बाहेर ह्याच खुर्चीवर बसली होती. एकतीस वर्षांचा संसार, आणि ही चालली! एकेरी पलंग घेऊन चालली!

ते तरातरा आत गेले. “तू जाणार आहेस?”

“कुठे?”

“लपवू नकोस. एका माणसासाठी खोली. पुरावा आहे माझ्याकडे!”

बायकोनं पिठाचे हात झटकले. तिचा चेहरा आधी पडला, मग चढला. “मी कशाला जाऊ? खोली तुमच्यासाठी बघत होते.”

“मला घराबाहेर काढतेस?”

“काढत नाही हो! दहा ते पाच. चार गल्ल्या सोडून एक जागा आहे, टेबल-खुर्ची-कपाटासकट. डबा मी देईन. लावा तिथं काय लावायचंय ते.” मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. “इतकी वर्षं तुम्ही संध्याकाळी घरी यायचात, ते किती बरं वाटायचं मला. आता तुम्ही येतच नाही. कारण जातच नाही!”

हेडक्लार्क बोटं मोजू लागले. “मग तो पलंग? कुकर? वकील?”

“ते तुम्ही बोलावलेत, काका,” दारातून बाई म्हणाली. “काकूंनी एकदाच शोधलं. पुढचे चारशे बारा क्लिक तुमचे. त्या वकिलाच्या पानावर तर तुम्ही चाळीस मिनिटं होतात.”

“अय्या! वकील कशाला?” बायको ओरडली.

“नियम व अटी वाचत होतो!” हेडक्लार्क कळवळून म्हणाले. “सगळं पुसा हो, बाई. मंजूर आहे.”

सोमवारी हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन पावणेदहालाच बाहेर पडले. बायकोनं दार लावलं, मोकळा श्वास घेतला आणि पहिल्यांदा सगळे डबे होते तिथं नेऊन ठेवले. मग ती निवांत बसली. मग उठली. मग पुन्हा बसली.

पावणेपाचला कचरा टाकायला म्हणून तिनं दार उघडलं, तर हेडक्लार्क जिन्याच्या पायरीवर मांडीवर डबा घेऊन बसलेले.

“अहो! इथं काय करताय?”

“अजून पाच वाजले नाहीत.”

“कधीपासून बसलाय?”

“साडेतीन झाले असतील.” ते नजर चुकवत म्हणाले. “तिथं फारच शांत आहे गं.”

तिनं कचऱ्याचा डबा खाली ठेवला. त्यात काहीच नव्हतं.

“इथंही फार शांत होतं,” ती म्हणाली. “तीनपासून चहा गरम करतेय मी. चला आत. आजचा हाफ डे समजा.”