गुलाबआबाचं ओट्यावर बसणं

गुलाबआबा दुसऱ्याच्या ओट्यावर बसायचा. ओळख असो, नसो, बोलावणं असो, नसो. आधी पागोटं काढून मांडीवर ठेवायचा आणि घरातल्यांना सांगायचा, "मी बठस. तुम्हनं चालू द्या." मग तो उठत नसे.

ब्राह्मणपुरीत आमची ख्रिस्ती मंडळी दहाबारा घरांची. मी शाळामास्तर, म्हणून पंचांचा चिटणीसही मीच. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची तयारी मी आणि आबा करून घ्यायचो. माझ्याकडे मिशनच्या साहेबांनी दिलेलं चाळीस प्रश्नांचं पुस्तक होतं. आबाकडे एकच अट होती: ज्याच्याशी तुझं बोलणं बंद आहे, त्याच्या घरून, त्याच्या हातची अर्धी भाकर घेऊन ये. उरलेली अर्धी देणाऱ्याने खायची. ते झालं की आबाच्या लेखी माणूस नदीत उतरायला तयार.

दगडूची गोष्ट सांगतो. माझे चाळीसही प्रश्न त्याला पाठ होते. झोपेतून उठवलं तरी सव्विसावं उत्तर अडखळत नसे. मला त्याचा अभिमान होता. आबा म्हणाला, "मास्तर, चाळीस उत्तरं शेतस, पन भाकर कोठे शे?" दगडूचं बांधावरून शेजारच्या शंकरशी वैर होतं. तो जाईना, तेव्हा आबा त्याला घेऊन शंकरच्या ओट्यावर जाऊन बसला.

शंकर म्हणाला, "मले तुम्हना देव नको."

"देव कोन मांगस? मी भाकर मांगस."

"पीठ सरी गये," आतून बायको म्हणाली.

"दळी ल्या बाई. मी बठस."

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. आबाने शंकरच्या बैलांची चौकशी केली, म्हशीची केली, सासुरवाडीची केली. शेवटी आत जातं फिरू लागलं. शंकरने भाकर मोडून अर्धी दगडूच्या हातावर आपटली आणि म्हणाला, "ले. आते या म्हताराले उठाड." दगडू हसला. मग शंकरही हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

गावाला ही गंमत वाटे. मला वेळेचा अपव्यय वाटे. आबाला मात्र कमालीची घाई असे. "आज जाऊत, उद्या नही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिवसभर ओट्यावर बसून राहणाऱ्याला घाई कसली, असं मी चेष्टेने म्हणायचो.

पुढे दगडूनेच बाप्तिस्म्याच्या वर्गात विचारलं, "मन्ही माय बाप्तिस्मा न लेता मरी गयी. ती कोठे शे?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं: बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही. दगडूचं तोंड उतरलं. तेव्हा मागे बसलेला आबा म्हणाला, "देवना घरनं दार मी बांधेल नही, मास्तरनीबी नही. तो बी ओटावर बठेल व्हई, तिनी वाट देखत. तो काय लवकर उठाव नही."

आबाच्या या उत्तरावरून मंडळीत दोन तट पडले. एकमेकांच्या सुखदुःखाला जाणं थांबलं. आमच्यात शिकवण अशी की भावाचं चुकलं असं वाटलं, तर आधी एकट्याने त्याच्या घरी जाऊन बोलावं. हे मी इतरांना शिकवत असे. आबाचं घर माझ्यापासून चौथं. मी गेलो नाही. साहेबांना पत्र लिहिलं.

उत्तर आलं. आबाचं शिकवणं बंद, आणि चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजनात मंडळीबरोबर भाकर घेणंही बंद. पंचांच्या वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "हट्टाने चुकीचे शिक्षण दिले." दगडूने दुसऱ्या दिवसापासून मला रामराम घालणं सोडलं.

पुढच्या रविवारी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

बायको म्हणाली, "आबा आलेत. बाहेर जा."

"मी घरी नाही म्हणून सांग."

घर एका खोलीचं. आबाने ऐकलंच असणार. तो म्हणाला, "बरं. घर येवापावत बठस."

मी आत पुस्तक उलटं धरून बसलो. मला खोकला आला तो उशीत दाबला. बायकोने त्याला ताजी भाकर नेऊन दिली. त्याने हात जोडले. "बाई, ही तुन्ही शे. मले मास्तरना हातनी पाहिजे, अर्धीच."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ओटा रिकामा होता. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आबा तापाने पडला होता. तो त्याच आठवड्यात गेला. त्याच्या खड्ड्याशी प्रार्थना मीच म्हटली, कारण दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं.

माती देऊन परतताना त्याच्या थोरल्या भावजयीने, सखूवहिनीने, मला थांबवलं. ती आमच्या मंडळीतली नव्हती. आपल्या ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बठा मास्तर."

तिने सांगितलं, मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली आबाची बायको केसरबाई 'मला बाप्तिस्मा द्या' म्हणत होती. भाऊ वेगळे झाले तेव्हा घरातल्या जात्यावरून या दोघी जावांचं बोलणं तुटलेलं. आबाने केसरबाईला सांगितलं, आधी सखूच्या घरची अर्धी भाकर आण. केसरबाईने दोनदा उंबऱ्यापर्यंत येऊन पाऊल मागे घेतलं.

"मी आतूनच देखी ऱ्हायंतू," सखूवहिनी म्हणाली. "मनमा म्हने, उद्या उनी तर देसू. तिसरा दिन मीच भाकर थापी. तव्यावर व्हती, तवयच त्यास्ना घरमा रडनं ऐकू उनं. केसर गयी."

तिने पदराने ओट्याची कड पुसली.

"भाऊजी मले कधी वाकडं बोलना नहीत. पन तवयपाइन दुसरासना ओटावर जाई बठेत."

पंचांच्या वहीतली ती ओळ अजून माझ्याच अक्षरात आहे. ती खोडावी, आणि तिच्याखाली मी आबाच्या घरी गेलो नव्हतो एवढं लिहावं, असं मी मंडळीला कळवलं आहे.

त्या दिवशी बोलणं संपल्यावर सखूवहिनी उठली, चुलीत काटक्या सारल्या. मी तिथेच होतो.

"आते काय पाहिजे, मास्तर?" तिने आतून विचारलं.

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणालो, "मी बसतो. तुमचं चालू द्या."