धनेशचा लोगो आणि शेठचे गणपती

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. (लिहिणाऱ्याने नववीतच शाळेला रामराम केला, नंतर शाळेनेही चौकशी केली नाही.) गोष्ट माझी नाही, धनेशची आहे.

धनेश पेणला काळुरामशेठच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करी. पीतांबर त्याने रंगवलेला, शेला त्याने रंगवलेला, पण मूर्ती नेताना लोक म्हणत, "काळुरामचा हात काय सुंदर." काळुरामच्या हातात त्या वेळी बहुधा चहा असे. आपलंही नाव चार लोकांना कळावं, एवढीच धनेशची इच्छा. तोंडाने सांगायला तो लाजे, म्हणून दर रविवारी रोह्याला ग्राफिक डिझाइनच्या क्लासला जाऊ लागला.

तिथल्या ऋजुता मॅडमनी पहिलंच काम दिलं: स्वतःचा लोगो. धनेशने 'ध'ला वळणं देत देत त्याचा कुंचला केला आणि आईला, जनीला, दाखवला.

"जिलबी बरी काढलीस," जनी म्हणाली.

"आये, तो मी हाय."

"मंग वाळलास रे."

मॅडमना मात्र तो आवडला. म्हणाल्या, "आता लोकांना दिसेल असा लावा आणि पुढच्या रविवारी फोटो आणा."

धनेशने स्टिकर छापून घेतले. शनिवारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने प्रत्येक तयार मूर्तीच्या पाटावर, अगदी पुढे, एकेक चिकटवला. (एकावर लावून भागलं असतं. पण बाकीच्या गणपतींना वाईट वाटेल, असं त्याला वाटलं.)

आता कारखान्याची रीत अशी, की मूर्ती ठरली म्हणजे तिला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लागते. घाऊक व्यापारी नाव लिहीत बसत नाहीत, आपली खूण लावतात. एकदा चिठ्ठी किंवा खूण लागली, की ती मूर्ती दुसऱ्याला मिळत नाही. धनेशला ही रीत तोंडपाठ होती. फक्त त्या दिवशी तो कामगार नव्हता, कलाकार होता.

रविवारी मॅडमनी फोटोला शाबासकी दिली. परतताना गाडी निडी स्टेशनात थांबली, तरी तो फोटोच बघत होता. संध्याकाळी कारखान्यात शिरला, तर शेठाणी कृष्णाबाई पेढे वाटत होती.

"घे रे. सगळा माल एकाच पार्टीने उचलला."

"कुठल्या पार्टीने, काकी?"

"यांना ठाव."

"मला कसं ठाव?" काळुरामशेठ म्हणाले. "बुकिंग तू घेतलंस ना?"

"मी? मी समजले तुमीच घेतलंत. अष्टमी गावचा नाथाशेठ टेम्पो घेऊन आलेला, त्याला रिकामा पाठवला. म्हटलं, एक पन गणपती शिल्लक नाय."

शेठनी वाकून खूण पाहिली. "मुंबईची पार्टी असंल. काय काढलंय ते कळत नाय, म्हंजे मोठीच असनार."

"शेठ," धनेश म्हणाला, "तो मी हाय."

शेठनी आधी त्याच्याकडे, मग गणपतींच्या रांगांकडे पाहिलं. "एवढे बसवनार तू? घरात जागा हाय काय?"

"बसवनार नाय. खूण माझी हाय. लोगो."

कृष्णाबाईने त्याच्या हातातला पेढा काढून घेतला.

"सकाळी सगळे सोल," शेठ फोन शोधत म्हणाले. "नाथा परत आला नाय, तर परवापासून तू पन येऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेशने स्टिकर सोलले. त्यांच्याबरोबर पाटांचा सोनेरी रंगही आला, म्हणून पाट पुन्हा रंगवायला घेतले. तो अर्ध्यावर असताना नाथाशेठ टेम्पो घेऊन आला आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून बघू लागला.

"हात साफ हाय रे तुझा. टेम्पोवर नाव घालशील?"

धनेशने कुंचला खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. "कुनाचं?" तो कसाबसा म्हणाला.

"कुनाचं म्हंजे? माझं."

धनेशने नाव घातलं, मोठ्या अक्षरांत. रंग थोडा उरला होता. तो वाया जाऊ नये म्हणून काळुरामशेठनी त्याच्याकडून खाली 'काळुरामचे गणपती' लिहून घेतलं.