कात्रीचा छडा

घरातली नारिंगी मुठीची कात्री तीन दिवस सापडत नव्हती, आणि जावईबापूंना मनातून त्याचा आनंदच झाला होता. ऑफिसात त्यांनी नुकतीच एक नवी लायब्ररी वापरायला घेतली होती. पुस्तकांची नव्हे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांची. तिला घडलेल्या गोष्टी सांगायच्या, नियम सांगायचे, काय कितपत संभवतं ते आकड्यांत सांगायचं. मग ती त्या सगळ्याचं जाळं विणते आणि विचाराल त्याचं उत्तर टक्क्यांत देते. हे घरात चालतं का, ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

रविवारी दुपारी त्यांनी बायको, मुलगी आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाई अशा तिघींची चौकशी केली. कोण कुठे बसतं, कोण काय कापतं, सारं टिपून घेतलं आणि कळ दाबली. उत्तर आलं: सासूबाई, त्र्याऐंशी टक्के.

इथे गप्प बसायला हवं होतं. जावईबापूंनी ते मोठ्याने वाचलं.

सासूबाईंनी विणकाम गुंडाळलं आणि चारच्या गाडीने मुलाकडे जाते म्हणून बॅग भरायला घेतली. बायकोने जावईबापूंकडे असं पाहिलं की त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई गेली तर मीही तिच्याबरोबर जाईन. मग तू आणि तुझी लायब्ररी, करा संसार."

जावईबापू धावत आतल्या खोलीत गेले. "आई, हा आरोप नाही हो, नुसती शक्यता आहे."

"तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीय मी," सासूबाई म्हणाल्या. "संशयितांची यादी दाखवा."

बाहेर येऊन त्यांनी चष्मा लावला आणि संगणकाचा पडदा ओळीने वाचला. "घरात माणसं चार. इथे नावं तीनच."

"मी तर लिहिणारा आहे ना."

"मग तुमच्याबद्दल हे यंत्र काय म्हणतं?"

जावईबापूंनी चाचरत सांगितलं, की या लायब्ररीचा नियमच तसा आहे. जे लिहिलेलं नाही, ते खोटं धरायचं.

"सोयीचा आहे नियम. आता लिहा."

त्यांनी आपलं नाव घातलं. घेतलेली वस्तू जागेवर ठेवण्याची शक्यता किती, याचा ते विचार करत होते तोवर बायको म्हणाली, "शंभरात तीन." मुलीला तेही जास्त वाटलं. कळ दाबली. जावईबापू, एक्याण्णव टक्के.

आकड्यापुढे शहाणपण चालेना. जावईबापूंना तर आठवूसुद्धा लागलं, की नव्या शर्टाची चिठ्ठी आपणच कापली होती आणि मग कात्री कुठेतरी ठेवली होती. त्यांनी सासूबाईंची हात जोडून माफी मागितली आणि दुकानातून नवी कात्री आणली. बायको हसली, चारची गाडी गेली, घर पूर्वपदावर आलं.

संध्याकाळी सासूबाईंची विणकामाची पिशवी कपाटावर ठेवायला जावईबापूंनी उचलली, तर लोकरीच्या गुंड्यांमधून नारिंगी मूठ डोकावत होती. त्र्याऐंशी टक्के! लायब्ररी पहिल्या फटक्यातच बरोबर होती. अभिमानाने त्यांची छाती फुगली आणि बायकोला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं.

शेजारीच उभ्या असलेल्या सासूबाईंनी शांतपणे एक गुंडा त्या मुठीवर सरकवला. "जावईबापू, जे लिहिलेलं नाही, ते काय धरायचं म्हणालात?"

"खोटं," जावईबापू म्हणाले, आणि त्यांनी पिशवी कपाटावर ठेवली.