ताईची गिटार

फोडायची गिटार फुटताना नुसती 'फट्' करायची. ही मात्र कळवळली. गायकाने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

कार्यक्रमाच्या शेवटी गिटार फोडणं हा 'राखरांगोळी' बँडचा शिरस्ता. त्यावरच तर नाव झालं होतं. पण रोज नवी कुठून आणणार? म्हणून शेवटच्या गाण्याआधी दिवे घालवायचे आणि अंधारात खरी गिटार काढून डिंकाने सांधलेली जुनी हातात घ्यायची.

"अरे, कुठली दिलीस मला?" गायक कुजबुजला.

"जुनी! मी बदलली ना," ड्रमवाला म्हणाला.

"पण मीच बदलून घेतली होती की!"

"मग सांगायचंस तरी!"

"अंधारात काय ओरडून सांगू?"

दोघांनीही बदलली, म्हणजे कुणीच बदलली नव्हती. आणि खरी होती ताईची. आईमागे ज्या ताईने त्याला वाढवलं, तेही याच गिटारवर गल्लीतल्या पोरांना शिकवून, तिच्या कपाटावरून न विचारता आणलेली.

"कुणाच्या बापाला नाही घाबरत!" सभागृह त्याचंच गाणं गर्जत होतं. बापाचं ठीक होतं. ताईबद्दल गाण्यात चकार शब्द नव्हता.

"परत जागेवर ठेवू, कळणार नाही," ड्रमवाला म्हणाला.

"तुकडे ठेवू?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक खुर्ची सरकली. पोस्टरवर तोंडाला कितीही काळं फासलं, तरी कान घरचेच होते. ताईने ते ओळखले होते. ती पायऱ्या चढू लागली, तशी गायकाच्या अंगाला दरदरून घाम फुटला. काजळाचे ओघळ हनुवटीपर्यंत आले.

"ताई, मी... ती आपोआप..."

 ताईने त्याचा कान पिळला, त्याच्याकडून तुकडा न् तुकडा वेचून घेतला, आणि तारांची गुंतवळ तान्ह्या लेकरासारखी पदरात घेतली.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. "काय अभिनय केलाय!" आयोजक धावत आले. "पुढच्या वेळीही ताई हव्यातच!"

 घरी पोचल्यावर ताई डिंकाची बाटली त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "धर. आणि हात थरथरू देऊ नकोस."

गिटार सांधली. आवाज जरा घोगरा झालाय, पण ताई म्हणते, पोरांना आवडतो. बँड आता गावोगाव गाजतोय. तालमीला ताई येत नाही, कार्यक्रमाला चुकत नाही.

शेवटचं गाणं येतं. दिवे जातात. "कुणाच्या बापाला नाही घाबरत!" सभागृह गर्जतं. अंधारात कुठेतरी खुर्ची सरकते, आणि बंडखोराचा हात आपोआप कानाकडे जातो.