पाण्याला घाट दाखवणारे सांडूअण्णा

दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर आला की लोक पाणी घरात न्यायचे. सांडूअण्णा मात्र त्यातले दोन कॅन मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधून दौलताबादचा घाट फिरवून आणायचे. इकडे हंड्यांवरून बायका हातघाईवर आलेल्या, आणि हा गृहस्थ पाण्याला हवापालट करवून परत यायचा! वर थेंबभरही सांडलं नाही, हे अभिमानानं सांगायचा.

अण्णा मूळचे फुलंब्रीचे, एका कारखान्यातून रिटायर झालेले, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. त्यांची मोटारसायकल लग्नाच्याही आधीची. तिच्या एवढ्याशा इंजिनाला पेट्रोलमध्ये हवा मिसळून देणारा कार्बोरेटर नेमका किती मिलिमीटर तोंडाचा बसवावा, हा अण्णांच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न. शहागंजच्या जुन्या बाजारातून त्यांनी इतके कार्बोरेटर जमवले होते, की त्यांच्या पत्नी गयाकाकू कणकेच्या डब्यातही आधी डोकावून मगच हात घालत.

"लहान तोंडाचा बसवला तर चढाला दम लागतो," अण्णा मला समजावत. "लई मोठा बसवला तर हवा सुस्तावती. सुस्त हवा पेट्रोल वढत नाय. मग नुसतं भकभक."

हाच गज त्यांनी साऱ्या जगाला लावला होता. शहर चारी बाजूंनी फुगलं आणि नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा अण्णांचं निदान तयार होतं. "इंजिन वाढवलं, कार्बोरेटर जुनाच. कसं चालंल?" माझे साडू गणपतीच्या मांडवात तासभर भाषण ठोकून खाली उतरले, तर अण्णा म्हणाले, "मानूस अठराचा, कार्बोरेटर सव्वीसचा." माझा नंबर काय, हे मी कधी विचारलं नाही. उगाच कशाला?

या वेडाचं मूळ घाटात होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच काकूंना वेरूळला दर्शनाला नेताना गाडी चढावर बंद पडली. नवी नवरी शालू सावरत चालतेय, नवरा गाडी ढकलतोय, आणि बैलगाडीतले लोक हसत हसत पुढे निघून गेले. काकूंनी तिथंच बजावलं, "घाट न थांबता चढंल त्या दिवशी बसन. तवर माझी यष्टी बरी."

तेव्हापासून काकू यष्टीनं वेरूळला जात आणि अण्णा कार्बोरेटर बदलत. चाचणीला काकू मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या वजनाइतकं पाणी. त्यासाठी अण्णांनी त्यांना रद्दीवाल्याच्या काट्यावर उभं केलं होतं आणि कॅनवर लाल रेघ ओढली होती. काकूंनी त्यावरून बरेच दिवस अबोला धरला. एवढं करूनही गाडी दर वेळी त्याच वळणावर मान टाकायची.

एका रविवारी मी कॅन बांधू लागलो, तर तो चांगलाच हलका लागला. पाणी रेघेच्या बरंच खाली होतं.

"काय अण्णा, कॉपी करून पास व्हायचा बेत आहे का?"

अण्णांनी दोरीची गाठ आवळली. "कॉपी नाय. काल दवाखान्यात काटा केला तिचा. आता एवढीच हाय ती."

काकूंचं ऑपरेशन झालंय, हे मला माहीत होतं. पण त्या एवढ्या झिजल्या असतील, हे ध्यानात आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागोमाग गेलो.

त्या दिवशी बाविसाचा कार्बोरेटर होता. ते वळण आलं, गाडी जरा कण्हली आणि सरळ चढून गेली!

"अण्णा, चढली!" मी माथ्यावर पोचताच ओरडलो. "आता काकूंना बसवा!"

अण्णा कॅनकडे बघत राहिले. मग गाडी वळवून घरी आले. अंगणात त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या पिंपातून पाणी काढलं आणि दोन्ही कॅन पुन्हा लाल रेघेपर्यंत भरले.

"अहो, झाली की चाचणी," मी म्हणालो.

"ती खाईल-पिईल, पहिल्यावानी व्हईल," अण्णा पाना शोधत म्हणाले. "तवा काय तिला घाटात उतरवू?"

तेवढ्यात आतून काकूंचा बारीक आवाज आला, "अवं, चढली का आज?"

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी तोंड मिटून घेतलं.

"नाय!" ते दाराकडं तोंड करून ओरडले. "अजून नाय चढली. तू आदी पोटभर जेवून घे."